हमखास फुटणारं मडकं

आपल्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत होते. त्या म्हणाल्या, "शोभाताई, यंदा तुम्ही मातीशी तुमचं नातं यावर लिहा ना. जरा हळवं, जरा चिंतनात्मक." मी म्हटलं, "बाई, मातीशी माझं नातं नखांत अडकलेलं आहे आणि ते ब्रशनं घासूनही निघत नाही. एवढं चिंतन पुरेल का?" त्या गोड हसल्या. संपादक गोड हसले की लेख द्यावाच लागतो, म्हणून लिहिते आहे. यात हळवं काही सापडलं नाही तर तक्रार त्यांच्याकडे करावी.

मी कुंभार. इथे सिंगापुरात मला 'सिरॅमिक आर्टिस्ट' म्हणतात. कराडकडच्या आमच्या गावात मी कुंभाराची शोभी होते. विमानात चढले तेव्हा कुंभारीण होते, उतरले तेव्हा आर्टिस्ट झाले. मधे फक्त एकदा जेवण दिलं होतं, त्यात काय घातलं होतं देव जाणे. माझे यजमान बँकेत कॉम्प्युटरचं काम करायचे. आम्ही इथे आलो तेव्हा 'बायको काय करते' असं कुणी विचारलं की ते पटकन हवापाण्यावर बोलायला लागायचे. आता कुठल्याही समारंभात आधी माझी ओळख करून देतात आणि मग, वेळ उरला तर, स्वतःची.

मी चाक वापरत नाही. माझ्या वर्गाला येणाऱ्या लोकांना यात मोठं तत्त्वज्ञान दिसतं. "यंत्राला नकार देऊन तुम्ही संथपणा निवडलात," असं एका बाईंनी मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. कसलं निवडते डोंबल! आमच्याकडे बाईनं चाकाला हात लावायचा नाही, असा नियम होता. लावला की चाक बाटतं म्हणे. माती खणायची बायकांनी, डोक्यावरून आणायची बायकांनी, चाळायची, तुडवायची बायकांनी. तेव्हा माती बाटत नसे. फार सोयीचं सोवळं होतं ते. मग चाकावर न होणारं जे जे मोठं आणि बोजड, ते बायकांच्या वाट्याला यायचं. चुली, शेगड्या, रांजण, धान्याच्या कणग्या. हे सगळं हातानं उभं करायचं.

त्याची रीत सांगते, म्हणजे फी न भरता तुम्हालाही शिकता येईल. मातीच्या लांब वळ्या करायच्या, चकलीच्या पिठाच्या करतो तशा, पण मनगटाएवढ्या. एकीवर एक गोल बसवत जायच्या आणि प्रत्येक सांधा बोटानं दाबून मिटवायचा. थोडी उंची आली की थांबायचं, वाळू द्यायचं. मग पुढची वळी. घाई केलीत की भांडं बसकण मारतं. शेवटी आतून गोल दगड धरायचा, बाहेरून लाकडी थापीनं ठोकायचं आणि भिंत पातळ करत आणायची. बस्स. बाकी सगळं हाताला कळतं, आणि हाताला कळायला वर्षं जातात. ही गोष्ट मी पहिल्या दिवशी सांगत नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणी यायचं नाही.

माझं काम तोआ पायोह नावाच्या भागात चालतं. मिस लिम नावाच्या माझ्याच वयाच्या बाईचा स्टुडिओ आहे, त्यात एक कोपरा मी भाड्यानं घेतला आहे. भट्टी तिची, विजेवरची. उघड्यावर गोवऱ्या रचून भट्टी लावायची इच्छा मी एकदा बोलून दाखवली, तर लिमनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घरात वाघ पाळते म्हणाले. माती मिळते ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, मैद्यासारखी स्वच्छ. तिला ना वास, ना चव. गावाकडे तिच्यात घोड्याची लीद मिसळायचे, म्हणजे भाजताना लीद जळून बारीक भोकं पडतात आणि भांडं श्वास घेतं. इथे लीद कुणाकडे मागू? म्हणून मी लाकडाचा भुसा चाळून घालते. चालतं. आपल्या लोकांना परदेशात सगळंच चालवून घ्यायची सवय असते.

गिऱ्हाइकांचं म्हणाल तर देवानं मला निवडून निवडून दिली आहेत. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेनं एकदा आपला अख्खा विभाग माझ्याकडे पाठवला, एकजूट वाढवायला. साहेबांचं मडकं तिसऱ्याच वळीला डावीकडे कललं. मी सरळ करायला जाणार, एवढ्यात पाहिलं तर टेबलावरची बाकीची मडकीही हळूहळू डावीकडे कलू लागली होती. एका मुलीचं बिचारीचं उत्तम जमलं होतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि अंगठ्यानं त्याला हलकेच धक्का दिला. एकजूट वाढली म्हणून त्यांनी मला आभाराचा ईमेल पाठवला.

दुसऱ्या एक बाई, कॉन्डोतल्या, पाण्याचा माठ घेऊन गेल्या आणि आठवड्यानं परत घेऊन आल्या. "हा लीक होतोय." मी म्हटलं, "अहो, झिरपतोय. माठ झिरपला तरच पाणी गार होतं." त्या म्हणाल्या, "पण आमचं वुडन फ्लोअरिंग आहे." मी त्यांना आतून प्लॅस्टिकची पिशवी लावायचा सल्ला दिला. चेष्टा केली होती. त्यांनी खरंच लावली आणि माझे आभार मानले. तेव्हापासून मी चेष्टा जरा जपून करते.

पण सांगायचं आहे ते मोघेकाकांचं.

मोघेकाका मूळचे पुण्याचे, इथल्या एका बँकेत ऑडिटमधून निवृत्त झालेले. हौगांगला फ्लॅट, घरात ते आणि कुमुदकाकू. मूलबाळ नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतलेला माणूस, निवृत्तीनंतर तेच काम फुकट करत होता. आमच्या ओळखीतले सबनीस वारले तेव्हा दहनगृहात मी काकांच्या शेजारी उभी होते. तिथे जे झालं, त्यातून पुढचं सगळं घडलं.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन देहाला प्रदक्षिणा घालायची, प्रत्येक फेरीला दगडानं मडक्याला भोक पाडायचं आणि शेवटी ते खांद्यावरून मागे टाकून द्यायचं. ते फुटलं पाहिजे आणि मागे वळून बघायचं नाही. सबनीसांच्या मुलानं मडकं आणलं होतं नर्सरीतून. झाडं लावायचं, निळं, चकचकीत, दगडासारखं भाजलेलं. भोकं पडेनात. गुरुजी आठवडाभर आयटीत आणि गरज पडेल तेव्हा गुरुजी, ते म्हणाले, "भावना महत्त्वाची, पुढे चला." मुलानं मडकं मागे टाकलं. ते टण्णकन आपटलं आणि गडगडत भिंतीपर्यंत गेलं. तिथल्या कर्मचाऱ्यानं ते उचललं, रुमालानं पुसलं आणि दोन्ही हातांनी, अदबीनं, मुलाला परत आणून दिलं. मुलानं पुन्हा टाकलं. कर्मचाऱ्यानं पुन्हा आणून दिलं. बाहेर पुढच्या घरची माणसं येऊन थांबली होती. शेवटी गुरुजींनीच ते कोपऱ्यात ठेवलं. जाताना सबनीसवहिनींनी ते तसंच घरी नेलं, आता त्यात मनीप्लांट आहे.

मला ओठ चावून हसू दाबावं लागलं, खोटं कशाला बोलू? काकांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आठवड्यात ते स्टुडिओत हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री.

"शोभा, मला एक मडकं हवंय."

"पाण्याचं का, काका?"

"नाही. माझं."

मला कळायला जरा वेळ लागला. ते खुर्चीत बसले आणि समजावून सांगू लागले. "हे बघ, माझ्या मागे ना मुलगा ना मुलगी. कोणी तरी पुतण्या येईल, घाईत येईल आणि वाटेत दिसेल ते भांडं उचलेल. मला सबनीससारखं व्हायचं नाही. त्याला निरोपसुद्धा धड मिळाला नाही गं. एवढा सज्जन माणूस आणि शेवटी लोक हसत होते. मी पाहिलं, तूही हसत होतीस." मी टेबल पुसायला घेतलं. "मला असं मडकं दे की दगड टेकवला की भोक पडेल, तोवर पाणी धरेल, आणि टाकलं की पहिल्या फटक्यात फुटेल. मला हमी पाहिजे."

लोक माझ्याकडे भांडं टिकण्याची हमी मागतात. न टिकण्याची मागणारा हा पहिलाच. पण मी नाही म्हटलं. आमच्यात मर्तिकाचं मडकं मागणी घेऊन करत नाहीत. जिवंत माणसासाठी तर नाहीच नाही. घरचं कोणी न्यायला आलं की ढिगातलं हाताला पहिलं लागेल ते उचलून द्यायचं. निवडायचं नाही आणि वाजवून बघायचं नाही. एरवी मडकं घेताना सगळे टिचकी मारून आवाज ऐकतात, ते या वेळी करायचं नाही. माझी आई एवढं एकच कडक पाळायची.

काका म्हणाले, "म्हणजे क्वालिटी कंट्रोल नाही?"

"नाही."

"म्हणूनच सबनीसची ही गत झाली."

"सबनीसांचं मडकं नर्सरीतलं होतं, काका. तो दोष आमच्या जातीवर घालू नका."

ते उठून गेले. मला वाटलं, पीडा टळली. शनिवारी पाहते तर नव्या बॅचमध्ये, अॅप्रन बांधून, पहिल्या टेबलावर मोघेकाका. "तू करणार नाहीस ना? मी करतो. शिकवायला तुझ्या आईची काही हरकत नसावी." ऑडिटचा माणूस. पळवाट नेमकी शोधली.

आता यातली गोम ऐका. टिकाऊ भांडं करणं त्या मानानं सोपं. चांगली जाड भिंत ठेवा, भरपूर भाजा, झालं. पण पाणी धरणारं, भोकं पडताना न फुटणारं आणि टाकल्यावर मात्र फुटणारं मडकं करायचं म्हणजे तारेवरची कसरत. भिंत पातळ पण सगळीकडे सारखी हवी, भुसा नेहमीपेक्षा जास्त हवा आणि भट्टी निम्म्यावरच बंद करायला हवी. मी शिकवताना तोंडानं कुरकुरत होते खरी, पण आतून मला भलताच हुरूप चढला होता. असलं अवघड काम इथे मला कोणी दिलंच नव्हतं. सगळ्यांना आपले कॉफीचे मग हवे असतात.

काकांचा हात मात्र जड. त्यांच्या वळ्या म्हणजे मुसळं. थापीनं ठोकून ठोकून ते थकायचे, तरी भिंत जाडच. शेवटी मी सुरी घेऊन आतून खरवडायला बसायचे आणि ते शेजारी उभे राहून कळवळायचे. "अगं, किती काढतेस? काही ठेवशील की नाही?"

"ठेवलं तर फुटणार नाही, काका. हमी कुणाला हवी होती?"

"बरं बरं, काढ."

कितीतरी शनिवार गेले. काही वाळताना तडकली, काही भट्टीत. लिम रोज विचारायची, "यू मेक इट टू ब्रेक, देन व्हाय यू क्राय व्हेन इट ब्रेक?" तिला मी काय सांगणार? वेळेवर फुटणं आणि आधीच फुटणं यातला फरक मला इंग्रजीत सांगता आला नाही. मराठीतही येईल असं नाही.

शेवटी दोन जुळी मडकी हवी तशी निघाली. काकांनी दोन्ही वाजवून पाहिली, अर्थातच. एक चाचणीसाठी. स्टुडिओच्या मागे मोकळी फरशी आहे, तिथे आम्ही गेलो. काकांनी मडक्यात पाणी भरलं, खांद्यावर घेतलं आणि कचऱ्याच्या डब्याला गंभीरपणे प्रदक्षिणा घातल्या. मी दगड टेकवला, भोक पडलं. पुन्हा टेकवला, पुन्हा पडलं. पाण्याच्या धारा त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावरून वाहत होत्या. मग त्यांनी मडकं मागे टाकलं. असं फुटलं म्हणून सांगू! एक तुकडा तळहाताहून मोठा राहिला नाही.

काकांनी नियम मोडून मागे वळून पाहिलं आणि चक्क टाळ्या वाजवल्या. "वा! शोभा, वा!" दारात उभी राहून लिम म्हणाली, "ब्रोकन ऑलरेडी, हॅपी फॉर व्हॉट?" मग आम्ही तिघांनी मिळून फरशी झाडली, पुसली आणि वाळवली, कारण मरण कितीही शाश्वत असलं तरी राहायचं सिंगापुरात आहे.

दुसरं मडकं काका घरी घेऊन गेले आणि बॉम्ब शेल्टरमध्ये ठेवलं. इथल्या फ्लॅटमध्ये लोखंडी दाराची ती खोली असते, युद्धात आत बसायला. युद्ध होत नाही म्हणून लोक तिथे सुटकेसा ठेवतात. काका महिनाभर सुखात होते. मग एके सकाळी त्यांचा फोन. 

"शोभा, हिनं त्यात दही लावलंय!"

मी फोन दूर धरून मनसोक्त हसले. मग त्यांच्या घरी गेले. जेवणाच्या टेबलावर मधोमध ते मडकं, आणि त्यात असं दही, सुरीनं कापून वडी उचलावी. मातीनं पाणी शोषलं की दही तसंच होतं. काका आमच्याकडे पाठ करून खिडकीशी बसले होते. काकूंनी मला वाटीभर दही दिलं, वर साखर घातली.

"अगं कुमुद, ते माझ्या शेवटासाठी आहे," काका तिकडूनच म्हणाले.

"मग तुम्ही काय आज निघालात का? नाही ना? मग आज दही लावते."

"त्याचं एक पावित्र्य असतं."

"मरणाची तयारी म्हणजे काय बाळंतविडा आहे, आधीपासून शिवून ठेवायला? खाऊन बघा आधी."

काका धुसफुसत उठले, चमचाभर खाल्लं, आणखी चमचाभर खाल्लं आणि वाटी घेऊन परत खिडकीशी जाऊन बसले. त्या दिवशी दोघांत तह झाला. मडकं काकांचंच राहील, काकूंनी ते फक्त वापरायला घ्यायचं. काकांची वेळ आली की काकूंनी दही दुसऱ्या भांड्यात काढायचं, मडकं स्वच्छ धुवायचं आणि मग रडायला बसायचं, या क्रमानं. काकूंनी तीनही कलमं मान्य केली.

काका आंघोळीला गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "शोभा, मी मुद्दाम काढलं हो ते बाहेर. हे रोज त्या खोलीत जाऊन बघून यायचे. आहे ना जागेवर, तडा नाही ना गेला. रिकामं मडकं आणि समोर उभा माझा नवरा. मला नाही सहन झालं. म्हणून भरून टाकलं." आणि लगेच, "तुझ्या घरी विरजण नेतेस का?" असं विचारून उठल्या.

मग ते दही आमच्या लोकांत गाजलं. कुणाकडे भिशी असो की वाढदिवस, काकूंच्या मडक्यातलं दही हवंच. लोक मला म्हणायचे, आम्हालाही तसंच मडकं करून दे. मी टाळायचे. ते मडकं कशासाठी केलं होतं हे लिम सोडली तर आम्हा तिघांनाच ठाऊक होतं आणि श्रीखंड खाणाऱ्यांना ते सांगायची मला हौस नव्हती.

आणि मग काकू गेल्या. आजार नाही, काही नाही. हौगांगच्या मार्केटातून भाजी घेऊन आल्या, पंख्याखाली बसल्या, काकांना पाणी आणा म्हणाल्या आणि ते पाणी घेऊन येईपर्यंत गेल्या.

मी असलं काही मानत नाही. तरी सांगते, बातमी कळली तेव्हा मला पहिल्यांदा आई आठवली आणि तिचा तो नियम आठवला. जिवंत माणसासाठी करायचं नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि स्वतःला शिव्या घातल्या, कशासाठी ते मलाच नीट कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. आवाज अगदी ऑडिटचा, कोरडा. "शोभा, मडकं लागेल."

मी हात पुसून फोन नीट धरला.

"घरात आहे. पण त्यात तिनं काल सकाळी दही लावलंय." मग म्हणाले, "लागलंय गं ते. छान लागलंय. मी झाकण काढून पाहिलं. मला ते ओतवत नाहीये."

"काढू नका, काका. तसंच राहू द्या. मी आणते."

स्टुडिओत जाऊन फडताळासमोर उभी राहिले, डोळे मिटले आणि हाताला पहिलं लागलं ते उचललं. वाजवलं नाही. नवरात्रासाठी केलेल्या घटांपैकी एक होतं.

दहनगृहात पुतण्या आला नव्हताच. काकांनीच मडकं खांद्यावर घेतलं. गुरुजी तेच, आयटीवाले. माझ्या यजमानांनी मागून काकांना धरलं होतं, मी दगड टेकवत गेले. भोकं पडली, पाणी वाहिलं. शेवटी काकांनी मडकं सोडलं आणि ते फुटलं. कुणाचं लक्षही गेलं नाही. काम चोख झालं की कुणाचंच लक्ष जात नाही, आमच्या धंद्याचं हे असं आहे. काकांनी या वेळी मागे पाहिलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "फुटलं?"

"फुटलं."

"एकदम?"

"एकदम, काका."

त्यांनी मान हलवली आणि चपला शोधू लागले.

दिवसकार्य झाल्यावर बऱ्याच दिवसांनी, शनिवारीच, काका स्टुडिओत आले. शर्टाला इस्त्री नव्हती. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, ते त्यांनी एमआरटीच्या ट्रेनमधे सबंध रस्ता मांडीवर धरून आणलं होतं. टेबलावर ठेवलं आणि हळूच टॉवेल उलगडला. काकूंचं मडकं. आतून पांढुरकं झालेलं, आंबूस वासाचं. काका त्यात रोज दही लावत होते. त्या शेवटच्या दह्यातलं विरजण ठेवून दुसऱ्या दिवशी, त्यातलं ठेवून तिसऱ्या दिवशी. एकट्या माणसाला रोज एवढं दही कशाला लागतं, असं एरवी मी विचारलं असतं.

"हे बघ," ते म्हणाले. काठाखाली केसाएवढी रेघ होती. नखानं चाचपली तर लागत होती. "हे फुटू नये म्हणून काय करायचं?"

मी चष्मा लावला, मडकं उजेडात धरलं. बघण्यासारखं काही नव्हतं, पण उत्तर द्यायला वेळ हवा होता. लिमही येऊन उभी राहिली. आमच्या भाषेतलं तिला काही कळलं नाही, पण काकांचा चेहरा कळला असावा. म्हणाली, "फायर अगेन लाह, अंकल. हायर. नो चार्ज." काका आशेनं माझ्याकडे पाहू लागले.

"नाही, काका," मी म्हटलं. "पुन्हा भट्टीत घातलं तर ही रेघ उघडेल. आत राहणारच नाही ते."

"मग बाहेरून काही लेप? गोंद? इथे इतक्या गोष्टी मिळतात."

"लेप लावला तर त्यात दही लागणार नाही."

"मग किती दिवस जाईल?"

तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे. कुणालाही, कशावरही, ताबडतोब ऐकवते. त्या दिवशी आधी चष्मा काढून पुसला. मग म्हटलं, "जपून वापरलंत तर बरेच दिवस जाईल."

"बरेच म्हणजे?"

"मला माहीत नाही, काका. टिकावं म्हणून केलेलंच नव्हतं ना ते."

त्यांनी मडकं माझ्या हातातून परत घेतलं. टॉवेलात ठेवलं, चारी टोकं वर ओढली, गाठ मारली, सोडली आणि पुन्हा जरा सैल मारली. दारापर्यंत गेले आणि थांबले. आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं.

"माझं जाडच होत होतं गं, शोभा," काका म्हणाले. "तू खरवडलंस."

"हो काका," मी म्हटलं.